घड्याळांच्या गावी एक दिवस

स्वित्झर्लंडला जाणारी आपली माणसं बहुधा युंगफ्राऊचं बर्फ आणि ल्युसर्नचं तळं पाहून परततात. मी मात्र एक अख्खा दिवस ला शो-द-फाँ या गावासाठी राखून ठेवला होता. कारण एकच. वैमानिकांसाठी बनलेल्या जुन्या क्रोनोग्राफ मनगटी घड्याळांचा मला लागलेला नाद!

न्यूशातेलहून निघालेली गाडी ज्युराचा डोंगर चढताना शांब्रेलियँ स्थानकात थांबते आणि तिथून उलट दिशेने पुढे निघते. गाव सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. 1794 च्या आगीत ते जळालं आणि पुढे सरळ, समांतर रस्ते आखून नव्याने वसलं. घरांना खिडक्याच खिडक्या. घरोघरी कारागीर उजेडाला बसून घड्याळाचे भाग घडवत. मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये या गावाला घड्याळांचा एकच मोठा कारखाना म्हटलं आहे. चंदीगड आखणारे ल कॉर्बुझिए इथेच 1887 साली जन्मले. 2009 मध्ये शेजारच्या ल लोक्लसह हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

इथलं घड्याळ संग्रहालय बरंचसं जमिनीखाली आहे. मी रेंगाळलो तो क्रोनोग्राफपाशी. नेहमीची वेळ चालू ठेवून मधला काळ वेगळा मोजणारं हे घड्याळ. याच गावातल्या ब्रेटलिंग कंपनीने 1915 मध्ये त्याला किल्लीपासून वेगळं बटण दिलं आणि 1934 मध्ये काटा शून्यावर आणणारं दुसरं. वैमानिकाला त्याचा उपयोग काय? ढगांत खालचं काही दिसत नसे, तेव्हा अमुक दिशेने, अमुक वेगाने इतकी मिनिटं, या हिशेबावर विमान चाले. वळण घेतलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. साध्या क्रोनोग्राफला त्यासाठी थांबवा, शून्यावर आणा, चालू करा अशा तीन दाबण्या लागतात. 'फ्लायबॅक' प्रकारात एकाच दाबणीत काम होतं. 1952 च्या 'नॅव्हिटायमर'ने तर इंधनाचा हिशेब करायची गोल पट्टीच मनगटावर आणली.

1970 च्या दशकात क्वार्ट्झ आलं आणि ज्युरातल्या कारखान्यांना उतरती कळा लागली. हे दुःख आपल्यालाही अनोळखी नाही. बेंगळुरूच्या एच.एम.टी.चं 'गडियार' 1961 पासून आपल्या घराघरांत टिकटिकलं, आणि 2016 मध्ये तो घड्याळ कारखाना बंद झाला. तिच्या काळ्या डायलच्या 'पायलट'ला क्रोनोग्राफ नव्हता, तरी आज संग्राहक तिच्यामागे असतात.

जुनं घड्याळ घेताना आधी डायल पाहावी. पुन्हा रंगवलेली असली, तर अक्षरं जाड किंवा वेडीवाकडी दिसतात आणि किंमत घसरते. जुन्या चमकत्या आकड्यांत रेडियम असू शकतं. चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही. म्हणून काच घरी उघडू नये.

हे सारं मला महत्त्वाचं होतं, कारण घरात एक प्रश्न लोंबकळत होता. माझे मामा सांबऱ्याला हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रात नोकरीला होते. त्यांचा जुना स्विस क्रोनोग्राफ आता मामींकडे आहे. डायल तपकिरी झाली, वरच्या बटणाचा मुलामा मामांच्या बोटाने झिजला. आमचे पाढे ते त्यावरच मोजत! मामेभावाला लेकाच्या लग्नाआधी नवी डायल बसवून घड्याळ चकचकीत करून हवं होतं.

संग्रहालयातही डागाळलेल्या, पिवळ्या पडलेल्या डायली तशाच जपलेल्या दिसल्या. परतल्यावर मी मामींना एवढंच सांगितलं. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, बटणावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इर्लि बिडप्पा. त्यांचं बोट कशाला पुसायचं?"

घड्याळजीकडून फक्त तेलपाणी करून घेतलं. लग्नात नातवाच्या मनगटावर ते तसंच होतं, तपकिरी डायलचं.