गिअरची करकर

पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासून आम्हांस एक खोड जडली आहे. चूक दिसली कीं चुकणारा कोण, हें आधीं ठरवावयाचें आणि चुकीचें कारण मागाहून पाहावयाचें. ही खोड किती अन्यायाची आहे, हें आम्हांस गेल्या ज्येष्ठांत एका मोटारीनें शिकविलें.

अमरावतीहून अकोल्यास एका मुंजीसाठीं आम्ही निघालों होतों. गाडी सूनबाई चालवीत होती. तिनें परवाना काढून जेमतेम दोन महिने झाले होते. अंतर सुमारें ९५ किलोमीटर. रस्ता तर असा, कीं जून २०२२ मध्यें त्याच्या एका मार्गिकेवर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि गिनीज बुकांत त्याची नोंद झाली. तेव्हां रस्त्यास बोल लावण्याची सोय नव्हती. बडनेरा मागें पडतें न पडतें तोंच गिअर करकरूं लागला आणि आम्हीं तो दोष सरळ सूनबाईच्या माथीं मारला.

"क्लच पुरता दाब", "हात सैल ठेव", "घाई करूं नको" असा आमचा पाठ मूर्तिजापुरापर्यंत चालला होता. प्रत्येक सूचनेबरोबर तिचा हात अधिकच अडखळे. "मी पुरता दाबतेंच आहें, बाबा," असें ती एकदां म्हणाली. आम्हीं तें ऐकलें, पण मनावर घेतलें नाहीं. मूर्तिजापुराजवळ गाडी थांबली, ती पहिला गिअर पडेचना. मागें मालट्रकांचे भोंगे सुरू झाले. सूनबाईचे डोळे भरून आले. "आतां मी पुन्हां गाडीस हात लावणार नाहीं," एवढेंच ती बोलली. दोघांतिघांनीं गाडी कडेला ढकलून दिली.

जवळच एका मिस्त्रीचें दुकान होतें. तो आला आणि म्हणाला, "इंजिन बंद करा जी." इंजिन बंद असतां त्यानें दांडा हलविला, पांचही गिअर अलगद पडले. इंजिन चालूं करवून पुन्हां पाहिलें, तों पहिला गिअर अडला. "पेटी चांगली हाय," तो म्हणाला, "क्लचच पुरा सुटून नाही राह्यला."

न्यायशास्त्रांत ज्यास अन्वयव्यतिरेक म्हणतात तो हाच. कारण असतां कार्य असावें आणि कारण नसतां कार्य नसावें, तरच त्यांचा संबंध मानावा. इंजिन व गिअरपेटी यांना जोडणारा आणि सोडविणारा दुवा म्हणजे क्लच. तो पुरता सुटला नाहीं, तर पेटींतील दांडा इंजिनाबरोबर फिरतच राहतो व दांते एकमेकांत बसत नाहींत. इंजिन बंद असतांहि गिअर जड जाता, तर दोष दांड्याच्या जोडणींत वा पेटींत शोधावा लागता. एकच गिअर करकरता, तर त्या गिअरच्या पितळी कड्याची झीज झाली असा संशय घेतां येता. फिरणाऱ्या भागांची गति सारखी करणारी ही सिंक्रोमेशची योजना अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत १९२८ सालीं आली. तत्पूर्वीं चालकास क्लच दोनदां दाबावा लागे. पुष्कळ गाड्यांत मागें जाण्याच्या गिअरला हें कडें नसतें, म्हणून क्लच दाबून दोन-तीन क्षण थांबावें हें बरें. आणि इंजिन गुरगुरतें पण वेग वाढत नाहीं, जळका वास येतो, असें झालें तर क्लच घसरतो आहे असें समजावें. पेडलवर सदा पाय ठेवून चालविण्याची संवय त्यास बहुधा कारण होते.

आमच्या गाडींत यांपैकीं कांहींच नव्हतें. मिस्त्रीनें वांकून पेडलखालीं हात घातला आणि सतरंजीची एक जाड घडी बाहेर ओढली. मृगाच्या सरी येऊन गेल्या होत्या. वऱ्हाडची काळी माती गाडीला लागूं नये म्हणून ती घडी त्याच सकाळीं तेथें घातली होती. कोणीं? आम्हींच! पेडल शेवटचीं दोन बोटें खालीं जाण्यास वावच उरला नव्हता. घडी काढतांच गिअर निमूटपणें पडला. "बाईचा काई दोष नाही जी, गुर्जी," मिस्त्री म्हणाला.

त्याच्यासमोरच आम्हीं सूनबाईची क्षमा मागितली. ती संकोचली, पण अकोल्यापर्यंत गाडी तिनेंच चालविली. बोरगांव मंजू आलें नि गेलें, करकर कोठेंच नव्हती, आणि आम्हीहि गप्प होतों.

गप्प बसल्यावर मात्र एक जुना विद्यार्थी डोळ्यांपुढें आला. फळ्यावरचें तो नेहमीं चुकीचें उतरून घेई. आम्हीं त्याला वर्षभर 'निष्काळजी' म्हटलें, उभेंहि केलें. पुढच्या इयत्तेंत त्याला चष्मा लागला आणि चुका थांबल्या. त्याला पहिल्या बांकावर बसवून पाहण्याची दोन मिनिटांची परीक्षा आम्हांस वर्षभरांत सुचली नव्हती. "मला दिसत नाहीं" असें तो कधीं म्हणाला होता काय, हेंहि आतां आठवत नाहीं. म्हणाला असेल, तर आम्हीं तें मनावर घेतलें नसावें.

परततांना सूनबाईनें किल्ली आमच्यापुढें धरली. आम्हीं ती तिलाच परत दिली आणि वाटेनें एकहि सूचना केली नाहीं.