चाळीस म्हणजे किती? लोटस कॉर्टिनाचे कार्ब्युरेटर

१/५
प्रबंधिकेच्या पहिल्या मसुद्यात मी बेधडक लिहिले होते : कार्ब्युरेटर जितका मोठा, तितकी गाडी वेगवान. मार्गदर्शकांनी समासात विचारले, ‘मग लोटसने याहून मोठा का नाही बसवला?’

२/५
१९६३ची लोटस कॉर्टिना : कौटुंबिक फोर्डच्या देहात १५५८ सीसीचे ट्विन-कॅम इंजिन आणि दोन वेबर ४० डीसीओई.

३/५
हे ४० म्हणजे थ्रॉटलपाशी नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. खरी निवड आतल्या चोकची. तो बदलता येतो. हा गळा अरुंद असला की हवा वेगाने धावते, दाब घटतो, पेट्रोल तुषार होऊन खेचले जाते. फार रुंद केला, तर वरच्या फेऱ्यांत शक्ती वाढते; पण खालच्या फेऱ्यांत हवा मंदावते आणि इंजिन अडखळते.

४/५
१९६४ मध्ये जिम क्लार्कने याच गाडीने ब्रिटिश सलून कार विजेतेपद मिळवले. मात्र शर्यतीच्या नियमांमुळे ती सामान्य ग्राहकांसाठीही बनवावी लागे, आणि त्यांना सिग्नललाही थांबायचे होते.

५/५
ते वाक्य मी खोडले. आता एखाद्या मोहिमेची सैन्यसंख्या लिहितानाही आधी शोधतो : त्यांतल्या कितींपर्यंत रसद पोहोचत होती?