दादांची जीप

जीप द्यायची की ठेवायची, या एकाच प्रश्नावर आमच्या घरात वर्षभर बोलणे चालले होते. आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ, घरातल्या दोन्ही सुना, शिकणारी मुले आणि आई. आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर. तिथला पाऊस सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको.

आमचे वडील, कालकथित दादा, कोयना प्रकल्पावर चालक होते. तीस वर्षे त्यांनी साहेबांची जीप चालवली. चाक दादांच्या हातात, पण गाडी सरकारची. घरात कोणी तापाने फणफणले तरी ती घराकडे वळवता येत नव्हती, आणि दादांनी ती कधी वळवलीही नाही. १९९८ साली ते निवृत्त झाले. फंडाचे पैसे हातात आले तेव्हा सगळे म्हणाले, आता स्लॅबचे घर बांधा. दादांनी जीप घेतली. महिंद्राची एमएम ५४०, १९९२ सालची, एका ठेकेदाराने वापरलेली. आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी.

तेव्हा वस्तीपर्यंत डांबर नव्हते. फाट्यापासून वस्ती साडेतीन किलोमीटर. पावसाळ्यात वडापवाले फाट्यावरच उतरवून द्यायचे, पुढे लाल चिखल तुडवत यायचे. साध्या गाडीची दोनच चाके ओढतात. ती चिखलात जागच्या जागी फिरू लागली की गाडी फसलीच. आमच्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी फोर बाय फोरचा दांडा होता. तो टाकला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही मिळे. दादा आम्हाला समजावून सांगत, "मागचे दोन बैल दमले की पुढे आणखी दोन जुंपायचे." प्युजो बनावटीचे ते डिझेल इंजिन आवाज फार करी, पण दमत नसे.

दादांना सरकारी नोकरीतली एक सवय होती. प्रत्येक फेरीची नोंद ते वहीत करीत. तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, किती डिझेल आणि कारण. घरची जीप आल्यावरही त्यांनी दोनशे पानी वही घातली आणि वर लिहिले, 'लॉगबुक'. त्यातल्या पहिल्या वर्षांच्या नोंदी आजही वाचाव्यात अशा आहेत. 'बाळंतीण, पाटण, रात्री २.' 'साप चावला, कराड.' 'दहावीची मुले ५, परीक्षा केंद्र.' पैशाचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा आहे. २०११ साली दादा गेले. वही आम्ही चालू ठेवली.

आता जीप म्हातारी झाली. पाटे कुरकुरतात, ताडपत्रीचे हूड दोनदा बदलले, ब्रेकचे काम दरवर्षी निघते. १९९२ ची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी तपासणी, नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये झाली. आमची पुढची पाळी २०२७ साली येणार होती. शिवाय एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षा नंबरप्लेट होतीच.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली आणि दीड लिटर डिझेल इंजिनाची बोलेरोही त्यात बसली. धाकट्याने विषय काढला. "जुनी देऊ, नवी घेऊ. नवीला एअरबॅग आहेत, एबीएस ब्रेक आहेत. आपल्या जीपला मागे साधा पट्टा नाही."

थोरल्याला ते पटेना. "बोलेरोला फोर बाय फोर नाही. २०२१ चा जुलै विसरलास काय?" त्या जुलैच्या अतिवृष्टीत आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळून माणसे गेली. आमच्या वस्तीचा रस्ताही ओढ्याने खाल्ला होता, आणि दोन दिवस वर-खाली करणारी गाडी एकच होती. दादांची जीप. यावर धाकट्याकडे उत्तर नव्हते.

तरी दोघे मिळून गाड्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने जीपभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावर बोटाने टकटक केले आणि भंगारापेक्षा थोडी वरची किंमत सांगितली. परत येताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पंधरा दिवसांनी पुण्याचा एक तरुण वस्तीवर आला. अशा जुन्या जीप शोधून, दुरुस्त करून डोंगरात फिरवायचा त्याला छंद. त्याने गाडीखाली पाठीवर झोपून सगळे पाहिले आणि दुकानदाराच्या जवळजवळ तिप्पट किंमत बोलला. थोरल्याने नाही म्हणून सांगितले. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली सून म्हणाली, "भांडता कशाला? दादा वही कशासाठी लिहीत होते? ती काढा की."

वही काढली. आधीच्या दिवाळीपासूनच्या एका वर्षाच्या फेऱ्या मोजल्या. एकूण ७१. त्यातल्या ३८ आईच्या दवाखान्याच्या. गुडघे, साखर आणि डोळे, बहुतेक कराडला. बाजार, खत, रेशन यांच्या १९. लग्नकार्य आणि पाहुण्यांच्या १४. बाळंतीण एकही नाही. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि आता वस्तीपर्यंत डांबर आहे. फोर बाय फोरचा दांडा वर्षात ३ वेळा टाकलेला, तोही दोनदा दुसऱ्याचा टेम्पो ओढून काढायला. म्हणजे आमची जीप आता मुख्यतः एका माणसासाठी चालत होती, आणि त्या माणसाला आम्ही काही विचारलेच नव्हते.

त्याच आठवड्यात मेहुणे त्यांची बोलेरो घेऊन आले. आईला कराडला न्यायचे होते, म्हणून त्यांच्याच गाडीतून निघालो. आईने पायरीवर पाय ठेवला, दांडी धरली, एकदा थांबली आणि आपली आपण वर चढून बसली. दारही तिनेच ओढून घेतले. आम्ही सवयीने तिला धरायला हात पुढे केले होते, ते तसेच राहिले.

वाटेत आई म्हणाली, "चार वर्सं झाली, तुमी मला पोत्यागत उचलून जीपात घालताय. एक काखंत धरतो, एक पाय उचलतो. फाट्यावर माणसं बघत्यात. लाज वाटती रं. पर जीप ह्यांची, म्हनून बोलले न्हाय."

आम्ही काय बोलणार? जीप दादांची आठवण म्हणून आम्ही जपत होतो. पण घरच्या माणसाला वेळेला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये, यासाठी दादांनी स्लॅबचे घर बाजूला ठेवून ती घेतली होती. त्याच जीपमध्ये आता घरचे माणूस मान खाली घालून बसत होते, आणि आमच्या ते लक्षात आले नाही.

थोरल्याने त्याच संध्याकाळी पुण्याला फोन केला. नवी गाडी मात्र आम्ही घेतली नाही. तिचा हप्ता पुतणीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीइतका पडत होता, आणि फी आधी. पाच वर्षे वापरलेली बोलेरो पाहिली. निम्म्याहून थोडे अधिक पैसे जीपचे आले, बाकीचे पतसंस्थेचे. जीप गेली त्या दिवशी आई ओट्यावर बसून होती. तो तरुण निघताना तिने त्याला एवढेच सांगितले, "थंडीत लगेच सुरू हुत न्हाय. घाई करू नको."

थोरल्याची भीती अजून गेलेली नाही, आणि ती खोटीही नाही. म्हणून जूनच्या आधी आईची दोन महिन्यांची औषधे भरून ठेवायची आणि अतिवृष्टीचा इशारा आला की तिला मेहुण्यांकडे कराडला पोचवायचे, असे ठरवले आहे. लॉगबुकमध्ये बोलेरोची पहिली नोंद पडली आहे. 'आई, कराड, डोळे. स्वतः चढली.'

वाचकहो, तुमच्या दारातही अशी एखादी जुनी गाडी असेल. निर्णय घेण्यापूर्वी वर्षभराच्या फेऱ्या लिहून मोजा आणि त्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारा, विशेषतः जो बोलत नाही त्याला. दुकानाबाहेरही किंमत विचारा. आणि गाडी कोणालाही द्या, फॉर्म २९ आणि ३० भरून तिच्या कागदावरचे आपले नाव बदलल्याची खात्री करा. ते राहिले तर उद्याच्या अपघाताचे कागद तुमच्याच दारात येतील.