रिकाम्या होत गेलेल्या खोल्या

आमच्या एका मावशींना इंग्रजी येत नसे, आणि तरीही एक अमेरिकन मालिका त्या नेमाने पाहत असत. २००७ साली नातवाला सांभाळण्यासाठी त्या सावंतवाडीहून न्यू जर्सीला मुलाकडे गेल्या. दिवसा मुलगा-सून कामावर, नातू झोपलेला, शेजारची घरे बंद. अशा वेळी त्या 'गायडिंग लाइट' लावून बसत. संवाद कळत नसत. पण कोण कोणाची सून, कोणाचे कोणाशी बोलणे नाही, कोणाचा पूर्वी कोणावर जीव होता, हे सारे त्यांनी चेहऱ्यांवरून, कपड्यांवरून आणि मुख्यतः कोण कुठल्या घरात न विचारता शिरतो यावरून जुळवले होते. २००८ च्या उन्हाळ्यात आम्ही महिनाभर तिथे राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "काय रे, ह्या लोकांचे पैसे संपले की काय? हल्ली ह्यांच्या घरात कुणी येतच नाही."

आम्ही तेव्हा हसलो. वर्गात आशय आणि आकृतिबंध यांच्या अभिन्नतेवर तासच्या तास बोलणाऱ्या माणसाला शोभणारे ते हसणे नव्हते, हे पुढे कळले. मावशींची दोन्ही वाक्ये अक्षरशः खरी होती. मालिकेचे पैसे संपत आले होते, आणि घरात येणारी माणसे कमी झाली होती. या दोन वाक्यांमधला संबंध तेवढा शोधायचा होता. तो शोधताना आम्हांला जे दिसले ते इथे मांडत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. दुपारच्या मालिका पूर्वी श्रीमंत होत्या आणि मग गरीब झाल्या, असे घडलेले नाही. हा प्रकार जन्मानेच काटकसरी. 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली. इर्ना फिलिप्स ही तिची जनक. साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर या मालिका चालत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' हे थट्टेचे नाव पडले. १९५२ साली ही मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि पुढची चार वर्षे रेडिओवरही चालूच राहिली. तेच नट तोच भाग दोन्हीकडे करीत. भाग पंधरा मिनिटांचा. पुढे १९५६ साली 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' अर्ध्या तासाची म्हणूनच सुरू झाली, सत्तरच्या दशकात तासाच्या मालिका आल्या. आठवड्याला पाच भाग, वर्षभर. इतका मजकूर रोज उभा करायचा तर चित्रपटाची रीत परवडणारी नव्हती.

म्हणून एक वेगळी रीत घडली. तीन भिंतींची खोली, चौथ्या बाजूला तीन-चार कॅमेरे, आणि त्यांतून येणारी चित्रे तिथल्या तिथे निवडून जोडत जाणे. सर्व कॅमेऱ्यांना एकदमच दिसायला हवे म्हणून प्रकाश सगळीकडे सारखा. छोट्या पडद्यावर दोघांचे चेहरे एकदम दिसावेत म्हणून एक पात्र दुसऱ्याकडे पाठ करून आपल्याकडे पाहत बोलते आणि दुसरे त्याच्या खांद्यामागून उत्तर देते. खऱ्या आयुष्यात असे कोणी बोलत नाही, पण या मालिकांत आपण ते सहज मान्य करतो. चित्रण फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर, कारण ते स्वस्त आणि लगेच पाहता येणारे. त्यामुळे हालचाल अतिशय गुळगुळीत, जणू समोरच घडते आहे अशी. आजच्या दूरचित्रवाणी संचात हालचाल गुळगुळीत करण्याची जी सोय असते, तिच्यामुळे चांगला चित्रपटही 'सिरियलसारखा' दिसू लागतो. त्या दोषाला जगभर 'सोप ऑपेरा इफेक्ट' असेच म्हणतात. एका गरीब कलाप्रकाराचे नाव असे यंत्राच्या दोषाला चिकटले आहे.

पण या गरिबीतून एक दृष्यभाषा तयार झाली होती, हे विसरता कामा नये. तीन भिंतींच्या खोलीला खोली असते. मागे दार असते. पुढे दोघे बोलत असताना त्या दारात तिसरा येऊन उभा राहतो आणि ऐकतो. चोरून ऐकणे हा या मालिकांचा प्राण, आणि तो लेखकाइतकाच सुताराने निर्माण केलेला. रात्री सुतार एक घर मोडीत, दुसरे उभे करीत. रोज मोडले जाणारे ते घर पडद्यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसेच उभे असल्यासारखे भासे.

मधला काही काळ सुबत्तेचाही आला. १९८१ च्या नोव्हेंबरात 'जनरल हॉस्पिटल'मधले ल्यूक आणि लॉरा यांचे लग्न सुमारे तीन कोटी प्रेक्षकांनी पाहिले, असे सांगितले जाते. त्या दशकात मालिका परदेशी बेटांवर गेल्या; एका मालिकेने तर १९८८ साली नायकाला शंभर वर्षे मागे, घोड्यांच्या आणि पिस्तुलांच्या काळात पाठवले. मग ओहोटी लागली. बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडल्या होत्या, केबलवर वाहिन्या वाढल्या. १९९५ साली ओ. जे. सिम्प्सन खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने मालिकांची सवय महिनोन्‌महिने मोडली, आणि मोडलेली सवय पूर्ण परत आली नाही. प्रेक्षक कमी म्हणून जाहिरातीचा पैसा कमी, म्हणून वाहिनी निर्मात्याला देते ती रक्कम कमी.

ही घट पडद्यावर कशी दिसते? आम्ही समजत होतो की ती पडद्यांच्या कापडात, दागिन्यांत, फुलदाण्यांत दिसत असेल. ती तिथेही दिसते, पण तिथे शेवटी दिसते. ती प्रथम दिसते माणसांत. अमेरिकन नटांच्या करारांत पाच किंवा कमी वाक्ये बोलणाऱ्याचा वेगळा वर्ग आहे. एकही वाक्य न बोलणाऱ्याचा त्याहून स्वस्त. तेव्हा पैसे कमी झाले की कॉफी आणून देणारा पोऱ्या मुका होतो. आणखी कमी झाले की कॉफी आधीच टेबलावर असते. मुख्य नटांना आठवड्याला अमुक इतक्या भागांचा पैसा ठरलेला असतो. तो आकडा खाली आला की भागातली पात्रे कमी होतात आणि तीच दोन माणसे त्याच खोलीत चार दिवस तोच वाद घालतात. एका दिवसात उभी राहणारी घरे कमी होतात. मग साऱ्या गावाची भांडणे एकाच उपाहारगृहात होऊ लागतात, आणि त्या उपाहारगृहातली बाकीची टेबले रिकामी असतात.

सर्वांत महाग माणसे कोण? जुनी. २००८ च्या अखेरीस 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'ने आपली सर्वांत लोकप्रिय जोडी, डिड्रा हॉल आणि ड्रेक होगस्टिन, खर्चासाठी कमी केली. इतरत्र वयस्क नट कराराबाहेर गेले आणि सणासुदीपुरते दिसू लागले. कादंबरीतून आजी काढून टाकली तर कथानक चालू शकते, पण घराला स्मृती उरत नाही. कोणी कोणाला 'तुझा बापही असाच होता' असे म्हणू शकत नाही.

२००८ च्या फेब्रुवारीअखेर 'गायडिंग लाइट'ने मोठा प्रयोग केला. अवजड कॅमेरे गेले, हातात धरायचे छोटे डिजिटल कॅमेरे आले. तीन भिंतींच्या मोडत्या-उभ्या राहत्या घरांऐवजी चार भिंतींच्या कायम खोल्या झाल्या, आणि बराचसा भाग न्यू जर्सीतल्या पीपॅक गावात, खऱ्या रस्त्यांवर आणि खऱ्या घरांत चित्रित होऊ लागला. कागदावर पाहिले तर ही वास्तववादाकडे वाटचाल होती. खरे आकाश, खरा बर्फ, खरा वारा. प्रत्यक्षात पडद्यावर चेहरे फार जवळ आले, चित्र हलू लागले, वाऱ्याने आणि मोटारींनी संवादात व्यत्यय आणला. चार भिंतींच्या खोलीत कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नव्हती, त्यामुळे खोली अशी दिसतच नसे. मागचे दार चौकटीबाहेर गेले, आणि दाराबरोबर त्यात येऊन उभा राहणारा तिसरा माणूसही. रोज मोडली जाणारी घरे कायमची वाटत होती. आता कायम उभी असलेली घरे भाड्याची वाटू लागली.

हे करणाऱ्यांना आम्ही हिणवू इच्छित नाही. मालिका बंद पडू नये आणि शेकडो लोकांचे काम टिकावे म्हणून केलेली ती धडपड होती, आणि मोकळ्या हवेतली काही दृश्ये खरोखर चांगली होती. प्रश्न हेतूचा नाही. रॉबर्ट सी. ॲलन यांनी १९८५ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की या मालिकांचा अर्थ घटनांच्या क्रमात कमी आणि नात्यांच्या जाळ्यात अधिक असतो. एखादी बातमी सांगितली जाते, मग ती दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. बाहेरच्याला ही पुनरुक्ती वाटते. नेहमीच्या प्रेक्षकाला प्रत्येक ऐकणाऱ्याचा चेहरा नवा असतो. म्हणजे ऐकणारी माणसे हाच आशय. ती अंदाजपत्रकातून काढली तर उरते ती निव्वळ बातमी.

हे आम्ही मावशींना आमच्या परीने समजावून सांगितले. त्यांना त्यात नवल वाटले नाही. "अरे, दशावतारात काय असतं? एक बाकडं. त्यावर राजा बसला की दरबार झाला. पण समोर अख्खा गाव बसलेला असतो ना," त्या म्हणाल्या. गरिबी हा दोष नव्हे, हे त्यांनी आमच्याहून थोडक्यात सांगितले. दशावतारातले बाकडे गावाच्या संमतीवर सिंहासन होते. दुपारच्या मालिकेत ते गाव पडद्याच्या आतच वसवावे लागते, कारण पाहणारी बाई बहुधा घरात एकटी असते. आमच्या मावशीही एकट्याच होत्या. महिनाभरात त्यांच्या दारावर नातेवाईकांखेरीज फक्त टपालवाला आला. चाळीस वर्षे ज्यांच्या पडवीतून सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी हाक मारीत गेले, त्यांनी परक्या भाषेतल्या त्या गावात बसण्याची जागा शोधली होती, आणि आता तेही ओस पडत होते. पैसे संपले का हा त्यांचा प्रश्न कुतूहलाचा नव्हता, हे आम्हांला त्या दिवशी उमगले.

काटकसरीने मालिका वाचली नाही. १८ सप्टेंबर २००९ रोजी रेडिओसह ७२ वर्षांचा तिचा प्रवास संपला, आणि तिच्या वेळेत बक्षिसांचा एक खेळ आला. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' पुढच्या सप्टेंबरात गेली. 'ऑल माय चिल्ड्रन' खर्च वाचवण्यासाठी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला हलवली होती. २०११ साली तीही बंद झाली आणि तिच्या जागी स्वयंपाकाच्या गप्पा आल्या. 'डेज' २०२२ साली वाहिनी सोडून इंटरनेटवर गेली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत, १९९९ नंतर प्रथमच, अमेरिकेच्या मोठ्या वाहिनीवर नवी दुपारची मालिका आली : 'बियॉन्ड द गेट्स', एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अनेक पिढ्यांची. तिच्यामागे 'गायडिंग लाइट'ला पोसणारीच साबणाची कंपनी पुन्हा आहे. नव्याने सुरुवात करताना त्यांनी आधी आजी-आजोबा आणि भरलेले घर उभे केले, याची आम्ही नोंद घेतली.

मावशी तोवर सावंतवाडीला परतल्या होत्या. २००९ च्या त्या सप्टेंबरात फोनवर त्यांनी विचारले, "त्या लोकांचं शेवटी काय झालं रे?" आम्ही शेवटचा भाग मिळवून पाहिला होता. नायक-नायिका जुन्या ट्रकमध्ये बसून निघून जातात, असे सांगितले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आणि घरी कोण राहिलं?"

आम्ही पुन्हा आठवून पाहिले. शेवटच्या दृश्यात रस्ता होता, झाडे होती, स्वच्छ ऊन होते. घर आम्हांला आठवेना.