पाठीचं कातडं, पोटाचं कातडं

पूर्वी चामडं घेताना जनावर डोळ्यांसमोर असायचं, आता रंगाचा नमुना असतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या व्यवहारात काय बदललं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर एवढंच.

गावगाड्याला चामडं किती लागायचं हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. विहिरीवर मोट, पाणक्याच्या पाठीवर पखाल, तेल्याकडे बुधले, बैलांच्या गळ्यात घुंगरांचे पट्टे, आसुडाला वादी, घोड्याला लगाम नि तंग, आणि साऱ्यांच्या पायात पायताण. यातल्या एकेका वस्तूला वेगळं कातडं. मोटेला जाड आणि दमदार लागायचं, कारण ती दिवसभर विहिरीत बुडायची, थारोळ्यात रिकामी व्हायची नि रात्री वाळायची. तबला-ढोलकीच्या पुडीला बकऱ्याचं पातळ. कोल्हापुरी चपलेचा तळ म्हशीच्या कातड्याचा, तर वरच्या नाजूक वेणीला बकऱ्याचं. कुणी उलटं केलंच, तर चार दिवसांत सगळ्या गावाला कळायचं.

एका कातड्यातही सगळा भाग सारखा नसतो, हे तेव्हा गिऱ्हाइकालाही ठाऊक असे. कण्याच्या दोन्ही अंगांची पाठ घट्ट आणि एकजीव. पोटाकडचं भुसभुशीत, ओढलं की येतच राहणारं. मान जाड, पण सुरकुतलेली. म्हणून पट्टा कापायचा तो पाठीतून आणि कण्याला समांतर. आडवा कापलेला पट्टा वापरात लांबतो. पोटाचा भाग टाकून देत नसत, तो आतल्या भरतीला जाई. कारागीर कातडं उजेडाकडे धरून जनावराची हकिकत सांगायचा. मानेवर जुवाचा घट्टा म्हणजे बैल औताचा. पुठ्ठ्यावर बारीक डाग म्हणजे पराणी टोचणारा धनी. पोटावर टिपके दिसले तर गोचिडांची माया. कातडं सोलल्यावर मीठ लावायला उशीर झाला असेल, तर केस जागोजाग आपोआप सुटतात आणि त्याखालची कांती बिघडलेली असते. असं कातडं तो सरळ बाजूला सारायचा.

कमावण्याचं काम सावकाशीचं. चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करायचे, खरवडायचं, धुवायचं, आणि मग बाभळीची साल नि हिरडा. आमच्या कोल्हापूर भागात कातडं पिशवीसारखं शिवून त्यात सालीचं पाणी भरत आणि ते टांगून ठेवत. पाणी आतून झिरपत बाहेर येई, तेच पुन्हा वरून ओतायचं. असे कित्येक दिवस गेल्यावर कातड्याचं चामडं व्हायचं. रंग तांबूस-पिवळा, वास सालीचा, आणि कापलेली कड आरपार एकाच रंगाची. सह्याद्रीतला हिरडा तर पार विलायतेच्या चर्मालयांपर्यंत जात असे.

चप्पल घेणारा माणूस ती आधी दुमडून बघायचा. वरच्या अंगाला बारीक, एकसारख्या चुण्या पडल्या तर पाठीचं चामडं. ढिल्या, फुगीर चुण्या आल्या तर पोटाचं. मग नखाने दाबून, हातात तोलून, वास घेऊन तो भावाला हात घालायचा. घरी आल्यावर पायताणाला तेल पाजायचं, उन्हात टाकायचं नाही, भिजलं तर सावलीत वाळवायचं. पहिले आठ दिवस ते चावायचंच. पण पुढे ते पायाच्या घाटाचं व्हायचं आणि वर्षानुवर्षं टिकायचं.

इथपर्यंत आठवणी गोड आहेत. पण ही सारी पारख ज्यांच्या हातात होती त्या ढोर नि चांभार समाजाची घरं गावाच्या कडेला होती. त्यांनी शिवलेल्या मोटेचं पाणी साऱ्या शिवाराला चालायचं, त्यांना मात्र पाणवठ्यावर मज्जाव होता. वर्षभराच्या कामाचं मोल म्हणून सुगीला बलुतं मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. पाण्याच्या याच हक्कासाठी १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला. पुढच्या पिढ्यांतली मुलं शिकली आणि त्यांतली अनेक रापी-आरी खाली ठेवून दुसऱ्या कामांना लागली. हस्तकला बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी ही बाजूही डोळ्यांआड करू नये. जन्माने गळ्यात पडलेलं काम सोडता येणं ही त्या घरांची कमाईच होती.

मोट तर केव्हाच गेली. आधी लोखंडी मोट आली, मग डिझेलचं इंजिन, मग विजेचा पंप. पखालीची जागा नळाने घेतली, बुधल्यांची पत्र्याच्या डब्यांनी. राहिली चप्पल. तिचंही चामडं बदललं. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची युक्ती युरोपात १८५८ साली निघाली आणि त्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांत रुजली. सालीला जिथे आठवडे लागत, तिथे फिरत्या पिंपात एक-दोन दिवसांत काम होऊ लागलं. हे चामडं मऊ असतं, पाण्याला चिवट असतं, हव्या त्या रंगात मिळतं. त्याला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. बुटाच्या वरच्या भागाला, जाकिटाला तेच उत्तम. पण त्यावर ठसा नीट उठत नाही, नक्षी बसत नाही, आणि ओलं करून दिलेला आकार ते धरत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. कोल्हापूरच्या कारागिरांना आता पुष्कळसं चामडं चेन्नईसारख्या बाजारांतून मागवावं लागतं. ज्या बैलाच्या मानेवरचा घट्टा ओळखायचा, तो बैलच कारागिराच्या नजरेपासून दूर गेला.

आणि गिऱ्हाईक? त्याच्या हाती आली चिठ्ठी. ‘जेन्युइन लेदर’ या शब्दांनी एवढंच कळतं की वस्तूत कुठेतरी चामडं आहे. कातड्याचा वरचा घट्ट थर काढून उरलेल्या खालच्या थरावर प्लास्टिकची फिल्म चिकटवली तरी ती चिठ्ठी लागते. चामड्याचा भुगा गोंदात थापून केलेले पत्रेही बाजारात असतात. दोन पावसाळ्यांत त्यांची सालपटं निघतात.

घोड्याच्या जिनाच्या धंद्यात मात्र जुना हिशेब अजून चालतो, कारण तिथे चूक झाली तर स्वार खाली येतो. १८५७ नंतर इंग्रजांनी लष्करासाठी कानपुरात हार्नेस-सॅडलरीचा कारखाना काढला. आज तिथली जिनं परदेशी जातात आणि कानपूर सॅडलरीला भौगोलिक मानांकनही आहे. जिनाच्या दोन बाजूंचे पदर शक्यतो एकाच कातड्याच्या समोरासमोरच्या भागांतून घेतात, म्हणजे दोन्ही सारखेच ताणतात. तंगाचे आणि रिकिबीचे पट्टे पाठीतूनच, जाडी साधारण ३ ते ४ मिलीमीटर. शिलाई एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून. एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत.

गंमत अशी की पुण्या-मुंबईतली शिकलेली मुलं आता हीच दोन सुयांची शिलाई हौसेने शिकताहेत. पाकिटाला १ ते दीड मिलीमीटर, कमरपट्ट्याला साडेतीन, असं बोलतात. दुकानात जाऊन सालीत कमावलेलं चामडं मागतात, पाण्याचा थेंब टाकून ते गडद होतं का बघतात, कड कापून रंग आत उतरलाय का तपासतात, कातरण जाळून राख हिरवट तर नाही ना हे पाहतात. हिरवट राख म्हणजे क्रोम. आमच्या गावातलं म्हातारं माणूस जे नखाने आणि नाकाने करायचं, तेच हे. फरक इतकाच की यांच्यावर हे काम कुणी लादलेलं नाही, आणि हाताने शिवलेल्या पाकिटाचे ते बेधडक चांगले पैसे सांगतात.

तेव्हा पारख होती, पण पारख्याला मान नव्हता. आज कोल्हापुरीला २०१९ पासून मानांकन आहे, प्रदर्शनं आहेत, कौतुक आहे; घेणाऱ्याला मात्र पाठ कुठली नि पोट कुठलं हे सांगता येत नाही. जुने दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण चप्पल घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: कातडं कुठल्या जनावराचं, कुठल्या भागाचं आणि कशात कमावलेलं. ज्याला याची उत्तरं देता येतात, त्याच्याशी भावात घासाघीस करू नये. त्याच्या आजोबांना या ज्ञानाचे पैसे मिळाले नव्हते.