तो आवाज कसला होता?

गेल्या वर्षीची गोष्ट. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आम्ही मुंबईहून हैदराबादला निघालो होतो. अम्मीचा हा आयुष्यातला पहिला विमानप्रवास. पट्टा बांधून, डोळे मिटून ती सफरची दुआ पुटपुटत होती. विमान मागे सरकले, इंजिने सुरू होऊ लागली आणि पायाखालून एकदम आवाज आला. कुत्रा घसा खरवडून भुंकतो ना, अगदी तसा. थांबला, पुन्हा भुंकला, पुन्हा थांबला.

अम्मीने माझा हात घट्ट धरला. "अगं, खाली कुत्रा कोंडलाय की काय? की काही तुटतंय? विचार ना त्या मुलीला!"

हवाई सुंदरी चार पावलांवरच उभी होती. पण मी म्हणाले, "अम्मी, हळू बोल."

आमच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी तोवर कानातले काढून आमच्याकडे पाहिले होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. काय होते, ते मला आजही सांगता येणार नाही. पण अम्मीचा बुरखा, माझा हिजाब, पुढच्या ओळीत बसलेल्या माझ्या पतींची दाढी, हे सगळे मला त्या क्षणी एकदम जाणवले. आपण विमानात मोठ्याने "हा आवाज कसला?" असे विचारले तर लोक काय समजतील, असा विचार मनात आला आणि मी आईला गप्प केले.

त्यानंतर अम्मीने काहीच विचारले नाही. धावपट्टीवर खालून ठकठक झाली, तिने हात दाबला. विमान वर उचलल्यावर पोटात धाडकन काहीतरी आदळले, पुन्हा हात दाबला. मग इंजिनांचा आवाज एकदम कमी झाला आणि आपण खाली चाललो आहोत असे वाटले, तेव्हा तिची बोटे बर्फासारखी गार पडली होती. हैदराबादला चाके जमिनीला टेकली आणि मोठी घरघर सुरू झाली, तेव्हा ती कलमा पढत होती. आपला शेवट आला, असे माझ्या आईला वाटले होते आणि मी शेजारी गप्प बसून होते.

बहिणीच्या घरी पोहोचल्यावर तिने शांतपणे सांगितले, "मला पुन्हा विमानात बसवू नकोस. उमऱ्याचे पैसे परत मिळतात का, ते बघ."

तो उमरा अब्बा हयात असताना ठरला होता आणि राहून गेला होता. चार महिन्यांनी अम्मीला घेऊन जायचे, म्हणून आम्ही अर्धे पैसे भरले होते. परतताना तिने हट्टाने हुसेनसागर एक्सप्रेस धरायला लावली. खडखडाट, भोंगे, रात्रभर चहावाल्यांच्या हाका, आणि अम्मी गाढ झोपलेली. सकाळी मी म्हणाले, "विमानापेक्षा हिचा आवाज किती जास्त!" तर म्हणाली, "पण हिचे आवाज ओळखीचे आहेत."

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मीरा रोडला नया नगरात आमचे घर. तिथे आवाजांची काय कमी! पाण्याची मोटर, लिफ्टचा दरवाजा, स्टेशनवरची घोषणा, शेजारच्या कुकरची शिट्टी. अम्मी म्हसळ्याहून इथे राहायला आली, तेव्हा पहिले काही दिवस रात्री दचकून उठायची. आता मोटरचा सूर बदलला की टाकी भरली, हे ती अंथरुणातून सांगते. एसटीने गावाला जाताना घाटात ड्रायव्हरने गिअर कधी बदलला, हेही तिला कळते. म्हणजे तिला आवाजाची भीती नव्हतीच. तो आवाज कसला, हे कोणी सांगितले नाही, याची भीती होती. आणि सांगणाऱ्याला विचारू न देणारी मीच होते.

आमच्या इमारतीतला एक मुलगा विमानतळावर विमानांच्या देखभालीचे काम करतो. मी त्याला चहाला बोलावले आणि अम्मीसमोर बसवले. "काकी, काय काय ऐकलंत ते सगळं सांगा," तो म्हणाला. अम्मीने कुत्र्यापासून सुरुवात केली. तो हसला, पण अम्मीला हसला नाही.

"तो कुत्रा आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, काकी. आपल्या देशात एअरबस ए-३२० जातीची विमानं खूप आहेत, त्यांच्यात तो भुंकतो. विमानाची चाकं, पंखाच्या झडपा, ब्रेक हे सगळं दाबाखालच्या तेलावर चालतं. त्याला हायड्रॉलिक म्हणतात. ए-३२० मध्ये अशा तीन वेगवेगळ्या यंत्रणा असतात: हिरवी, पिवळी आणि निळी. हिरवीला एका इंजिनाकडून जोर मिळतो, पिवळीला दुसऱ्याकडून. त्या दोघींच्या मध्ये पॉवर ट्रान्सफर युनिट नावाचं एक यंत्र बसवलेलं असतं. एकीचा दाब कमी पडला की ते दुसरीच्या जोरावर तिला मदत करतं. दुसरं इंजिन सुरू होताना ते आपोआप स्वतःची चाचणी घेतं. थोडं चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. तेच ते भुंकणं."

"म्हणजे एक बहीण दमली तर दुसरीने हात द्यायचा," अम्मी म्हणाली.

"अगदी तसंच."

मग एकेक आवाज निघाला. धावपट्टीवरची ठकठक म्हणजे मधल्या रेषेवर बसवलेल्या दिव्यांवरून पुढचे चाक जाते तो आवाज. वर उचलल्यावरचे धाडकन म्हणजे चाके पोटात घेतली आणि झाकणे बंद झाली. थोड्या उंचीवर इंजिने मुद्दाम हळू करतात, कारण उड्डाणाला लागते तेवढी ताकद पुढे चढायला लागत नाही आणि खालच्या वस्तीला गोंगाटही कमी होतो. तेव्हा विमान चढतच असते, फक्त आपल्या शरीराला ते खाली गेल्यासारखे वाटते. खिडकीजवळची लांब घुंईऽऽ म्हणजे पंखाच्या झडपा पुढे-मागे होतात. अधूनमधून वाजणारी घंटी कधी पट्ट्याच्या दिव्याची, कधी कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या फोनची. उतरल्यावरची मोठी घरघर म्हणजे वेग कमी करण्यासाठी इंजिनांच्या हवेचा झोत पुढच्या दिशेला वळवतात. आणि कान दडपतात ते आतल्या हवेचा दाब बदलल्यामुळे. आवंढा गिळला की मोकळे होतात.

अम्मी दर वेळी मान डोलवत होती. मधेच उठून तिने त्याच्यासाठी आणखी दोन नानखटाया आणल्या.

माझ्या मुलाने शंका काढली, "आणि अमेरिकेतल्या विमानात माणूस कण्हत होता, ते?" ती बातमी खरी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसहून डॅलसला जाणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानात स्पीकरमधून मधूनमधून कण्हण्या-कुंथण्याचे आवाज येत राहिले. प्रवासी हसले, घाबरले. कोणीतरी बाहेरून यंत्रणेत शिरले, असेही लोक म्हणाले. कंपनीने तपासणी केल्यावर सांगितले की, आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड होता. स्पीकरची यंत्रणा तारांनी जोडलेली असते, बाहेरून तिच्यात शिरायला वाट नाही. जिन्न नाही, भूत नाही, एक बिघडलेला डबा.

मी विचारले, "म्हणजे कुठल्याच आवाजाला घाबरायचं नाही?"

"घाबरायचं नाही, ताई. पण विचारायचं नाही असंही नाही," तो म्हणाला आणि त्याने एक घटना सांगितली, जी मी नंतर वाचूनही पाहिली. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या विमानाच्या डाव्या इंजिनाचे एक पाते तुटले. मोठा आवाज झाला, विमान थरथरू लागले. वैमानिकांच्या समजुतीत चूक झाली आणि त्यांनी उजवे, चांगले इंजिन बंद केले. कप्तानाने स्पीकरवरून सांगितले की उजव्या इंजिनात बिघाड होता आणि ते बंद केले आहे. मागे बसलेल्या काही प्रवाशांनी आग डाव्या बाजूला पाहिली होती. त्यांना ते ऐकून नवल वाटले, पण कोणी बोलले नाही. ते काय आपल्यापेक्षा जास्त जाणतात, असेच वाटले असणार. उतरायला थोडेच अंतर उरले असताना डावे इंजिनही गेले आणि केगवर्थ गावाजवळ रस्त्याच्या कडेच्या चढावर विमान आदळले. १२६ जणांपैकी ४७ जण दगावले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या प्रवाशांना गप्प करणारा संकोच वेगळा असेल, माझा वेगळा. पण गप्प बसणे दोन्हीकडे सारखेच. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे आपण लहानपणापासून शिकतो. न समजलेली गोष्ट जाणकाराला विचारणे हाही उंट बांधण्याचाच भाग आहे. लोक काय म्हणतील या धास्तीने आपण आपल्या वडीलधाऱ्यांना, लेकरांना किती वेळा "हळू बोल" म्हणतो! कधी त्याला कारण असते, हे मी नाकारत नाही. नजरा असतात, अनुभव असतात. पण त्या दिवशी मला कोणी काही म्हटले नव्हते. मी आधीच मान खाली घातली होती.

आणि त्या गृहस्थांबद्दलही मला वेगळेच वाटू लागले. त्यांच्या कानावर काय पडले असेल? शेजारी बसलेली एक बाई न कळणाऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटते आहे. आम्हाला जसा तो कुत्रा, तशी त्यांना अम्मीची दुआ. "आई पहिल्यांदाच विमानात बसली आहे, प्रवासाची प्रार्थना करते आहे," एवढे मराठीत सांगायला मला किती वेळ लागला असता?

अम्मीने पैसे परत घ्यायला सांगितले नाही. ठरल्या दिवशी आम्ही जेद्दाहच्या विमानात बसलो. तिच्या शेजारी भिवंडीच्या एक आजी होत्या, त्याही पहिल्यांदाच. चाके आत गेल्याचा दणका बसला तेव्हा त्यांनी "या अल्लाह!" म्हणून खुर्ची धरली. अम्मी म्हणाली, "काही नाही, चाकं पोटात घेतली." इंजिने मंदावली तेव्हा म्हणाली, "आता खाली गेल्यासारखं वाटेल. जात नाही."

थोड्या वेळाने डोक्यावर टकटक सुरू झाली. हा आवाज यादीत नव्हता. मी काही बोलायच्या आत अम्मीने बटण दाबले आणि आलेल्या मुलीला सरळ विचारले, "बेटी, ये आवाज किस चीज़ की है?" तिने वर पाहिले, सामानाच्या कप्प्याचे झाकण नीट लागले नव्हते. दाबून बसवले. "अच्छा किया आपने बताया," म्हणाली आणि गेली.

घरात कोणी पहिल्यांदा विमानाने जाणार असेल, तर सामानाचे वजन करून झाल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ बसा आणि हे आवाज सांगा, एवढीच माझी विनंती आहे. आणि त्यांनी वाटेत काही विचारले, तर त्यांना गप्प करू नका.

रात्री उशिरा घंटी वाजली. भिवंडीच्या आजी दचकल्या. "हा कसला आवाज?"

अम्मीने मला गप्प राहायची खूण केली आणि स्पीकरकडे कान लावला. मीकात जवळ आल्याची सूचना होती. एहरामातली पुरुष मंडळी सावरून बसली. नियत झाली, आणि कुठून तरी मागच्या ओळीतून सुरू झालेला तल्बिया ओळीओळीने पुढे येत गेला. अम्मीने माझा हात धरला. या वेळी तिची बोटे गार नव्हती, आणि ती हळू बोलत नव्हती.