रंगखरेदीसाठी मुंबईस

मराठीच्या प्राध्यापकाला रंगांतले काय कळते, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो आमच्या ताईच्या मनातही यायला हवा होता. पण धाकट्या भावाच्या विद्वत्तेवर तिचा जेवढा विश्वास आहे, तेवढा आमच्या विद्यापीठाचाही नाही. एप्रिलमधल्या एका रविवारी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "तू एवढा एम. ए. झालेला. पोराला जरा समजावून सांग. माझं तो ऐकत नाही."

पोरगा म्हणजे माझा भाचा. वय वर्षे वीस. नाव कॉमर्सच्या वर्गात आणि जीव एअरब्रशमध्ये. ज्यांनी हे यंत्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फाउंटनपेनाएवढी एक पिचकारी, तिला मागे रबरी नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला घरघरणारा कॉम्प्रेसर. वरची कळ दाबली की हवा सुटते, मागे ओढली की हवेबरोबर रंग येतो. तोटीचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. त्यातून हा मुलगा वाघाच्या मिशीचा एकेक केस काढतो. मी ते पाहिले आणि माझ्या मनात आले, की एवढा मन लावून माझा एकही विद्यार्थी वृत्ते शिकलेला नाही.

त्याला दोन कामे मिळाली होती. एक, पेठेतल्या आमच्या जुन्या वाचनालयाची मागची भिंत चितारायची. दुसरे, मित्राच्या मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर वाघ काढायचा. दोन्हींसाठी त्याला युरेथेन हवे होते. "मामा, एकदा मारला की दहा वर्षं बघायला नको!" हे सगळे चालणार होते गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. तिच्या शेजारच्या खोलीत त्याची आजी निजते. आणि ताईचा खरा मुद्दा वेगळाच होता. पोराला लहानपणी बाळदमा होता. सात वर्षांचा होईपर्यंत तिने कित्येक रात्री त्याच्या उशाशी बसून काढल्या होत्या.

समजावण्याची कला माझ्या अंगी नाही. वर्गात पंचेचाळीस मिनिटांनी घंटा होते, म्हणून माझे निभावते. मी एक मधला मार्ग काढला. दोघांनी एक दिवस मुंबईस जायचे, रंगवलेल्या भिंती पाहायच्या, हे काम करणाऱ्या माणसांना विचारायचे आणि मग रंग घ्यायचा. ताईने दशम्या बांधून दिल्या, म्हणजे ठराव मंजूर झाला.

डेक्कन क्वीनमध्ये भाच्याने माझा तास घेतला. पाण्याच्या रंगात अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना चिकटतात आणि पापुद्रा तयार होतो. वास थोडा, हात पाण्याने धुता येतात. दोष एवढाच, की कोरड्या हवेत रंग तोटीच्या टोकावरच सुकतो आणि दर पाच मिनिटांनी सुई पुसत बसावे लागते. युरेथेनचे तसे नाही. ते थिनरमध्ये विरघळते, झटकन बसते, खालच्या थराला घट्ट धरते. त्यातही जो खरा पक्का प्रकार, तो दोन डब्यांत येतो. एका डब्यात रंग किंवा नुसते पारदर्शक क्लिअर, आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केले की त्यांची लग्नगाठ बसते आणि ती पुन्हा सुटत नाही. ही सोयरीक प्रथम जुळवली जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने, 1937 साली. पाण्यात मिसळणारे युरेथेनही आता निघाले आहे, असे तो खंडाळ्याच्या बोगद्यात म्हणाला. म्हणजे 'पाणी की युरेथेन' हे भांडण काही शास्त्रशुद्ध नव्हे. पण दुकानात आणि कारागिरांत ते असेच मांडले जाते, म्हणून मीही तसेच मांडतो.

दादरला उतरून फुलबाजाराच्या गर्दीतून सेनापती बापट मार्गाला लागलो. जुने लोक याला अजून तुळशी पाइप रोड म्हणतात. तुळशी तलावाच्या पाण्याच्या नळावरून पडलेले हे नाव. एका अंगाला रेल्वेची लांबच लांब भिंत. 2009 साली महापालिकेच्या संमतीने शेकडो हौशी लोकांनी या भिंतीवर चित्रे काढली होती. त्यानंतर तिच्यावर किती थर चढले आणि उतरले, त्याची मोजदाद नाही. आम्ही माहीमच्या दिशेने चालत निघालो. ऊन मरणाचे. भाचा मात्र वैद्याने नाडी पाहावी तसा भिंतीला हात लावत चालला होता.

एका ठिकाणी तो थांबला. कोणी तरी जाहिरातीसाठी भिंतीचा एक चौकोन चकचकीत तेलरंगाने रंगवला होता. त्याचे तळहाताएवढे पोपडे सुटले होते. भाच्याने एक पोपडा उचलला, तर मागे पिठासारखी पांढरी भुकटी. खार फुटलेला. शेजारचे साध्या पाण्याच्या रंगातले चित्र विटून आंबोळीच्या रंगाचे झाले होते, पण भिंतीला धरून होते. "मामा, भिंतीत ओल असते. तिला बाहेर यायला वाट लागते. वर चकचकीत कातडं चढवलं की ती आतून ढकलते." हे तो मला सांगत होता की स्वतःला, ते कळले नाही.

मला अजिंठा आठवला. दरवर्षी सहलीला मुलांना घेऊन जातो, पण ही गोष्ट या रस्त्यावर उमगली. अजिंठ्याची चित्रे म्हणजे मातीच्या कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. पाण्याचेच रंग म्हणा ना! पाऊस आणि ऊन यांपासून आडोसा मिळाला, म्हणून दीड हजार वर्षे टिकले. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी असे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे बसवले, हे त्यांचे उपकार. पण चित्रांवर व्हार्निशही चढवले. ते पुढे पिवळे पडले, काळवंडले, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षे गेली. टिकवण्यासाठी दिलेला हातच चित्राच्या मुळावर आला. हे मी भाच्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, "पण मामा, अजिंठ्यात पेट्रोल सांडत नाही." टाकीचा मुद्दा अजून उभाच होता.

माहीमहून लोकलने वांद्रे. चित्रपटातल्या चेहऱ्यांनी या उपनगराच्या भिंती सजवण्याचे काम रणजित दहिया या चित्रकाराने 2012 पासून मांडले. 2014 मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळ टेलिफोनच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचे प्रचंड चित्र झाले. नाशिककडच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा मराठी माणूस तिथे अख्ख्या इमारतीवर बसला आहे. ते दुरूनच पाहिले आणि रिक्षाने चॅपल रोडला गेलो. अरुंद गल्ल्या, लाकडी जिन्यांची बैठी घरे, कोपऱ्यावर फुले वाहिलेला क्रूस, आणि मधूनच भिंतीभर डोळे वटारून पाहणारा एखादा चेहरा.

एका ओट्यावर एक वृद्ध ख्रिस्ती बाई लसूण सोलत बसल्या होत्या. या भागातल्या जुन्या ईस्ट इंडियन कुटुंबांची घरची बोली मराठीच आहे. आम्ही भिंत निरखतो आहोत असे पाहून त्या आपण होऊन म्हणाल्या, "पोरं येतात, रंगवतात. चार पावसाळे झाले की जातं. मग दुसरी येतात." मी विचारले, वाईट नाही वाटत? "कशाला? मागल्या खेपेला मासळी होती, आता ही बाई आहे. एकदा आमच्या पुतण्यानं मागच्या भिंतीला महागाचा चकचकीत रंग लावला. पावसात फोड आले फोड! रंग गेला तो गिलावा घेऊन गेला." लसणाची पाकळी परडीत टाकून त्यांनी विषय संपवला. वाचनालयाच्या भिंतीचा निकाल तिथेच लागला.

गल्लीतून बाहेर पडताना भाच्याने एक गंमत सांगितली. भिंतीवर कोणी चित्रे खरडू नयेत, खरडली तर पुसता यावीत, म्हणून परदेशात भिंतींना जे लेप देतात, त्यांतले पुष्कळसे पॉलियुरेथेनचेच असतात. चोरालाही तेच कुलूप आणि सावालाही तेच!

आता टाकी. कुर्ल्याच्या बाजूला एका गॅरेजाचा पत्ता भाच्याजवळ होता. आत प्लॅस्टिकचे पडदे लावून केलेली खोली, भिंतीत मोठा पंखा, आणि आत डोक्यावर टोप चढवलेला एक मुलगा गन मारीत होता. टोपाला नळी लावून बाहेरची स्वच्छ हवा आत सोडलेली. मालक मिस्त्री मात्र तिथे नव्हते. ते रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. रत्नागिरीकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. मला 'सर' म्हणाले आणि भाच्याला 'पोरा'.

त्यांनी पत्र्याचे दोन तुकडे मागवले. एकावर पाण्याच्या रंगातले फूल, नुसतेच. दुसऱ्यावर तसेच फूल, वर दोन डब्यांतले क्लिअर. दोन्हींवर पेट्रोलचा एकेक थेंब टाकला, जरा थांबले आणि बोट फिरवले. पहिले फूल बोटाला आले. दुसरे हसत राहिले. भाच्याचा चेहरा खुलला. "बघ मामा!"

"बघितलंस ना?" मिस्त्री म्हणाले. "आता मी इथं का बसलोय ते विचार."

अठरा वर्षे त्यांनी तोंडाला हातरुमाल बांधून युरेथेन मारले. प्रथम रात्रीचा खोकला सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी बरे वाटायचे, कामावर आले की पुन्हा. बरेच दिवस थंडीवर ढकलले. शेवटी एका डॉक्टरांनी धंदा विचारला आणि उलगडा झाला. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. वाळून पक्क्या झालेल्या रंगात त्याचे भय नाही, पण फवाऱ्याच्या धुक्यातून ते छातीत जाते. एकदा का शरीराने त्याच्याशी वैर धरले, की पुढे नखभर पुरते. आता पलीकडे डबा उघडला तरी त्यांची छाती आवळते. आपल्याच कारखान्यात त्यांना पाऊल टाकता येत नाही. खिशातून त्यांनी तोंडात मारायचा पंप काढून दाखवला.

"पण वास येतो ना? आला की बाजूला व्हायचं," भाचा म्हणाला.

"वास थिनरचा येतो, पोरा. जे छाती धरतं त्याचा वास येईलच असं नाही. काळ्या डब्यांचा मास्क लावून आपण निर्धास्त असतो आणि तो कधी संपला ते कळत नाही. माझ्या मुलाला म्हणून टोप घेतला, बाहेरच्या हवेचा. तुझ्या गच्चीत आहे का तसा?"

भाचा काही बोलला नाही. मीही नाही. त्याच्या दम्याविषयी सांगायचे माझ्या ओठांवर आले होते, पण वीस वर्षांच्या मुलाचे बाळपण परक्यासमोर काढू नये.

मिस्त्रींनीच तोड सुचवली. "वाघ पाण्याच्या रंगात काढ. तोंडाला मास्क त्यालाही लाव, तेही धुकं छातीचं नव्हे. दोन दिवस चांगला वाळू दे, घाई केलीस तर वरून सुरकुतेल. मग टाकी इथं पाठव. क्लिअर आम्ही मारू." मजुरी सांगितली. ती भाच्याच्या कमाईतली निम्मी होती.

दुकानात पाण्याचे रंग घेतले. शेजारच्या फळीवर हार्डनरचे डबे होते. भाच्याने एक उचलून बारीक अक्षरातली सूचना वाचली आणि मला दाखवली. 1984 सालच्या डिसेंबरात भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट. या डब्यातले द्रव्य ते नव्हे, पुष्कळ सौम्य. पण कुळ एक. मी तेव्हा नुकता बोलू लागलो असेन. त्याने डबा जागेवर ठेवला.

परतीच्या गाडीत कर्जत गेल्यावर तो एकदम म्हणाला, "मामा, मला दमा होता तो किती होता?"

मी सांगितले. त्याचे बाबा फिरतीवर असताना एका रात्री मी त्याला खांद्यावर टाकून रिक्षा शोधत लक्ष्मी रोडभर धावलो होतो. त्याच्या छातीतली शिट्टी मला माझ्या कानाशी ऐकू येत होती. त्याचे ओठ निळसर झाले होते. ताई मागून चपला न घालता येत होती. त्याला यातले काहीच आठवत नव्हते. तो खिडकीबाहेर घाट पाहत राहिला. लोणावळ्याला मी चिक्की घेतली, ती त्याने निमूटपणे खाल्ली.

वाचनालयाच्या भिंतीचे काम सुरू व्हायला मेअखेर उजाडली. आधी गळका नळ दुरुस्त करवला. नवा गिलावा चार आठवडे मुरू दिला, कारण ओल्या सिमेंटचा क्षार रंग खातो. तोवर कार्यकारिणीच्या चिटणिसांनी रोज फोन करून मला भंडावले. मग पुण्याच्या कोरड्या हवेत रंग तोटीवर सुकू लागला. एका हातात एअरब्रश, दुसऱ्यात ओले फडके, असा आमचा चित्रकार पहाटे पाचला भिंतीपाशी जाई आणि ऊन चढले की परत येई. चित्र कसले? दिव्याखाली पुस्तक वाचत बसलेली एक म्हातारी. चष्मा आजीचा आहे हे सगळ्या पेठेने ओळखले. आजी तेवढी म्हणते, की माझे नाक असे नाही.

वाघ कुर्ल्याला जाऊन चकचकीत होऊन आला. मित्राने परवा त्यावर पेट्रोल सांडून पाहिले म्हणे.

भिंतीने एक पावसाळा काढला. खालच्या बाजूला, जिथे जमिनीतली ओल वर चढते, तिथे म्हातारीच्या पदराचा वीतभर तुकडा सुटला आहे. दिवाळीच्या आधी तो भरून काढायचा म्हणून काल सकाळी भाचा वाटीत रंग कालवत होता. ताईने माझ्या देखत त्याच्या खिशात मास्क कोंबला, आणि तो नेहमीसारखा कुरकुरला.